मंगळवारची नोंद

तुम्हा दोघांना देवनागरी वाचता येते, पण जोडाक्षरं आली की तुम्ही अडखळता आणि मग कंटाळता. म्हणून हे तुमचा बाबाच तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवील असं धरून मी लिहिते आहे.

परवा फोनवर थोरलीने मला विचारलं, "आजी, बाबाने कॅनडाच का निवडला?" तिला आता स्वतःला कॉम्प्युटर शिकायला कुठे जायचं ते ठरवायचं आहे. जपान की नेदरलँड्स, इथे तिचं अडलं आहे. मी म्हटलं, सांगते, पण लिहून. फोनवर माझ्याच्याने क्रमाने सांगणं होत नाही. मध्येच कुकरची शिट्टी होते, मग तुमची आई तुम्हाला जेवायला बोलावते.

तर बाबाने कॅनडा वरच्या काकांमुळे निवडला, असं आमच्या घरात सगळे म्हणत. काकांना ते मान्य नव्हतं. "मी कुणाला देश सांगितला नाय," ते म्हणत. "मी नुसतं विचारलं."

वरचे काका म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरचे भाडेकरू. मूळचे खुलताबादजवळच्या एका खेड्यातले. चिकलठाण्याच्या विमानतळावर हवामानाची जी कचेरी आहे, तिथे त्यांनी तीस-बत्तीस वर्षं निरीक्षक म्हणून काम केलं होतं. दर तीन तासांनी बाहेर जायचं, तापमान बघायचं, वारा बघायचा, ढग किती आणि कसले ते बघायचं आणि रजिस्टरात लिहायचं. लग्न केलेलं नव्हतं. "तीन-तीन तासांत कोण लगीन करणार," असं ते एकदा म्हणाले होते.

निवृत्त झाल्यावर ते आमची जागा बघायला आले. सिडकोत जागा बघायला येणारा माणूस आधी पाणी किती वेळ येतं ते विचारतो. हे सरळ गच्चीवर गेले आणि तासभर खाली आलेच नाहीत. आले तेव्हा मला म्हणाले, "बाई, त्या कडुलिंबाची सावली गच्चीवर किती वाजता येते?"

मी म्हटलं, "मी कधी पाहिलं नाही."

"इतकी वर्षं राहताय की इथं." त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरोखरच नवल वाटलं होतं.

सावली येत नाही अशा कोपऱ्यात त्यांनी आपलं पर्जन्यमापक ठेवलं. तांब्याएवढं भांडं, वर नरसाळं. रोज सकाळी साडेआठ वाजता ते त्यातलं पाणी मोजून वहीत लिहीत. पावसाळ्यात ठीक आहे, पण मे महिन्यातही साडेआठला त्यांच्या चपला जिन्यावर वाजत. मे महिन्यात या गावात आभाळाकडे बघायलासुद्धा कोणी मान वर करत नाही. मी एकदा विचारलं, "आता काय मोजता?"

"शून्य," ते म्हणाले. "शून्य पण नोंद हाय, बाई. मी बघितलं अन् नव्हतं, हे लिहायला लागतं. कोरं सोडलं तर पुढच्याला वाटंल, कुणी बघितलंच नाय."

मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते, आणि व्यवस्थितपणाबद्दल माझं थोडं नाव होतं. पण त्या माणसापुढे मला आपण ढिसाळ आहोत असं वाटे. हवेला ते कधी छान किंवा वाईट म्हणत नसत. एप्रिलमध्ये अंगाची लाहीलाही होत असताना तुमचे आजोबा म्हणत, "काय काका, भयंकर आहे आज." काका म्हणत, "एक्केचाळीस अन् वर थोडं." भयंकर हा त्यांच्या मते तुमच्या आजोबांचा खाजगी प्रश्न होता.

तुमच्या बाबाला तेव्हा दोन ठिकाणी प्रवेश मिळाला होता, एक अमेरिकेतल्या लहानशा गावात, एक कॅनडात. घरात दोन तट होते. आजोबा अमेरिकेच्या बाजूचे, कारण त्यांच्या कचेरीतल्या सगळ्यांची मुलं तिथेच गेली होती. मी कॅनडाच्या बाजूची, कारण तिथलं माहितीपत्रक स्वच्छ इंग्रजीत होतं. हसू नका, माणसं यापेक्षा हलक्या कारणांनी देश निवडतात. शेवटी बाबा वैतागून वर गेला. त्याला एवढंच विचारायचं होतं की कॅनडात थंडी नक्की किती असते.

काकांनी तापमान एका वाक्यात सांगितलं आणि मग त्यांचे प्रश्न सुरू झाले. तिथं धुतलेले कपडे कुठं वाळवतात? खिडकी आत उघडते का बाहेर? नोव्हेंबरात अंधार किती वाजता पडतो? अन् त्या वेळी तू कुठं असशील? दार आतून कोण उघडणार?

तो म्हणाला, "काका, मी युनिव्हर्सिटी निवडतोय."

"व्हय. पण राहणार मंगळवारात."

हा त्यांचा मंगळवार पुढे आमच्या गल्लीत फार प्रसिद्ध झाला. त्यांचं म्हणणं असं, की सोमवार माणूस रविवारच्या आठवणीवर काढतो, आणि गुरुवारपासून त्याला सुट्टीचा वास येऊ लागतो. मंगळवार कुणाचाच नसतो. परदेशातला रविवार सगळे फोटोत पाठवतात. मंगळवार कोणी पाठवत नाही. आणि आयुष्य तर बहुतेक मंगळवारांचंच असतं.

त्यांनी बाबाला गच्चीवरच्या खोलीत एक मंगळवार काढायला सांगितला. जानेवारीचे दिवस होते. सकाळी सहापासून रात्रीच्या जेवणापर्यंत एकटं राहायचं, स्वतः शिजवायचं, मराठीत कोणाशी बोलायचं नाही. साडेचार वाजता खिडकीला जाड चादर लावायची, कारण तिथे त्या सुमारास अंधार पडायला लागतो. काका स्वतः बाहेर खुर्ची टाकून पाठमोरे बसले आणि त्यांनी सवयीने दर तीन तासांनी नोंद केली. ती वही माझ्याकडे आहे. 'नऊ वाजता: पोहे. मीठ विसरला. बारा वाजता: झोप. तीन वाजता: उगाच खिडकीशी.'

दुपारी मी डबा घेऊन वर गेले. गरम पोळ्या आणि मेथीची भाजी होती. काकांनी मला दारातच अडवलं.

"बाई, कॅनडाला हा डबा पोचणार नाय."

"आज तर मुलगा इथंच आहे ना."

"नाय. आज तो तिथं हाय."

मी डबा घेऊन खाली आले. तो तुमच्या आजोबांनी खाल्ला आणि भाजी चांगली झाली म्हणाले. मला मात्र त्या दिवशी काकांचा राग आला होता. जिना चढून मला माझ्या मुलापर्यंत पोचता येऊ नये, हे काही मला पटलं नाही.

रात्री चादर निघाली तेव्हा बाबा बाहेर येऊन म्हणाला, "काका, अंधाराचं मला काही वाटलं नाही. एकटं असल्याचंही नाही. पण पाच वाजता कोणीतरी 'चहा घेतोस का' म्हणायला पाहिजे होतं."

काकांनी ते लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी बाबाने दोन्ही ठिकाणांची माहिती पुन्हा काढली. अमेरिकेतल्या गावात त्याला एकट्याची खोली मिळणार होती, कॅनडात चार जणांत एक स्वयंपाकघर होतं. त्याने कॅनडाला होकार कळवला. एवढंच कारण. घरी त्याने अभ्यासक्रमाचं कारण सांगितलं, आणि आजोबांनी ते चारचौघांत सांगितलं.

जाताना काकांनी त्याच्याकडून एक वचन घेतलं. वर्ष उलटल्यावर येणारा पहिला मंगळवार त्याने सकाळपासून रात्रीपर्यंत लिहायचा आणि टपालाने पाठवायचा. छान, वाईट लिहायचं नाही. काय घडलं तेवढं लिहायचं.

बाबाकडून ही बातमी त्याच्या मित्रांकडे गेली आणि तिथून सगळ्या गावात. मग दरवर्षी दिवाळीनंतर आमच्या जिन्यावर चपला-बूट दिसू लागले. सगळी कॉम्प्युटरवाली मुलं. कोणाला ऑस्ट्रेलिया, कोणाला जर्मनी, कोणाला आयर्लंड. काका प्रत्येकाच्या हातात चार फाकी केलेला जांब ठेवत, म्हणजे आपला पेरू, वर तिखटमीठ, आणि प्रश्न विचारू लागत. स्वतः ते नागपूरच्या पलीकडे कधी गेले नाहीत. पासपोर्ट नव्हता. पण कोणत्या देशात कचरा कोणत्या वारी नेतात हे त्यांना पाठ होतं, आणि नवीन काही कळलं की त्यांचे डोळे लहान मुलासारखे होत. "बघा बाई," ते जिन्यावरून सांगत, "तिकडं दुकानं सहाला बंद. मग लोक सहानंतर करतात काय?" हा प्रश्न त्यांना दोन दिवस पुरे.

एकदा एक आई-वडील रंगीत छापलेली यादी घेऊन आले. जगातली विद्यापीठं पहिल्यापासून शंभराव्यापर्यंत. काकांनी ती चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली. मग म्हणाले, "लई मेहनतीचं काम हाय. ह्यात पोरगं आजारी पडल्यावर दार वाजवणारा माणूस कुठं लिहिलाय?" वडील म्हणाले, "काका, तुम्ही सरळ एक देश सांगून टाका." काका म्हणाले, "अंदाज सांगायचा अधिकार वरच्या कचेरीला. मी नोंदवाला."

मुलं गेली की वर्षभराने त्यांचे मंगळवार येत. काका ते बिस्किटांच्या रिकाम्या डब्यांत ठेवत, देशागणिक एक डबा. डब्यावर देशाचं नाव नसे. कॅनडाच्या डब्यावर लिहिलेलं असे, 'साडेदहा तास मागे'. जर्मनीच्या डब्यावर, 'साडेचार तास मागे'. हिवाळ्यातलं अंतर, चिकलठाण्यापासून मोजलेलं. नवीन मुलं आली की त्यांना डबा उघडून देत आणि स्वतः बाजूला होत.

आता माझ्याविषयी सांगणं भाग आहे.

मी निवृत्त झाले तेव्हा हाताला काम नव्हतं. डब्यांतली पत्रं मला बघवत नसत. कोणाचं अक्षर मुंगीएवढं, कोणाचं पत्र चहाने डागलेलं, मुलांबरोबर आलेल्या आया ती उजेडात धरून वाचायच्या. मी काकांना म्हटलं, "मी यांच्या स्वच्छ प्रती करते. फाईल करू, वर्षवार लावू."

काकांना ते पसंत पडलं. पण त्यांनी आधी आपलं जुनं रजिस्टर काढून मला एक पान दाखवलं. "आमच्यात खोडत नसतात, बाई. आकडा चुकला तर त्याच्यावर एकच आडवी रेघ. खालचं वाचता आलं पाहिजे. वर खरा आकडा, बाजूला सही. आपलं चुकलं, हे पण पुढच्याला दिसायला पाहिजे." मग जाता जाता म्हणाले, "साडेदहाचा डबा शेवटी घ्या."

का ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. माझी पद्धत म्हणजे सगळ्यात जुन्या कागदापासून सुरुवात. सगळ्यात जुना कागद साडेदहाच्या डब्यात तळाशी होता. तुमच्या बाबाचा मंगळवार.

तो मी तेव्हा पहिल्यांदा वाचला. लिहून सहा-सात वर्षं झाली होती. बाबाला नोकरी लागली होती, लग्न झालं होतं, थोरलीचं बारसं आम्ही फोनवर ऐकलं होतं. पत्र दोन पानांचं होतं. त्यातली तीन वाक्यं मी प्रतीत घेतली नाहीत. मी काही खोडलं नाही. नुसतं उतरवलं नाही.

त्यानंतर मग ते सोपं झालं. जन्मभर मी मुलींना सारांशलेखन शिकवलं होतं. उतारा एक तृतीयांश करायचा, मुख्य मुद्दा राखायचा. एका मुलाने लिहिलं होतं, की प्राध्यापक काय बोलतात ते कळत नाही, म्हणून वर्ग हसला की मी हसतो. ते मुख्य मुद्द्यात बसेना. एक मुलगी तापात तीन दिवस पाणी-बिस्किटांवर राहिली होती. मला तिची आई डोळ्यांपुढे दिसली. एकाने नोकरीसाठी केलेल्या अर्जांना उत्तरंच येत नाहीत असं लिहिलं होतं. मी लिहिलं, 'नोकरीचे प्रयत्न चालू आहेत.' भाषा सुधारली, अक्षर सुधारलं. आणि खरं सांगते, साडेदहाचा डबा चांगला असावा असंही मला वाटत होतं. तिथे माझा मुलगा होता.

साडेदहाच्या डब्यातल्या सोळाही पत्रांच्या प्रती झाल्या, मूळ पत्रांच्या जागी डब्यात गेल्या आणि माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. ते ऑपरेशन, मग दुसऱ्या डोळ्याचं. तोवर मुलं मंगळवार ईमेलने पाठवू लागली होती. समोरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणलेले कागद वाचायला सोपे होते, म्हणून काकांनी ते तसेच डब्यांत घातले. कॅनडाला त्यानंतर कोणी गेलं नाही. जर्मनीचा डबा सगळा असा. त्याला माझा हात लागला नाही.

तीन वर्षांपूर्वी प्रज्ञा आली. तिचे वडील चिकलठाण्याच्या एका कारखान्यात मशीनवर होते. दारात "जय भीम काका, जय भीम मॅडम" म्हणाले आणि बसायला सांगितलं तरी बराच वेळ उभेच राहिले. घराण्यात देशाबाहेर जाणारी ही पहिली. तिच्याकडे कॅनडाचा आणि जर्मनीचा प्रवेश होता आणि आठवड्याच्या आत उत्तर कळवायचं होतं. एकदा कळवलं की झालं. बदलून पुन्हा प्रयत्न करण्याइतकी ऐपत त्या घरात नव्हती, ना पैशाची ना धीराची.

वडील म्हणाले, "काका, पोरगी हुशार हाय, त्याची काळजी नाय. शिकून झाल्यावर तिथं सेटल व्हईल का, तेवढं सांगा."

"एखाद्या गावची हवा कशी हाय, हे किती वर्षांच्या नोंदीवर ठरवतात, ठावं हाय का?" काका म्हणाले. "तीस. तुम्ही जायच्या आधीच विचारताय. तीस वर्षांनी या."

"तोवर मी असंल का?"

"मी तर नसणारच. पण डबे असतील."

दोघेही हसले. प्रज्ञा हसली नाही. तिने दोन्ही डबे मागून घेतले, वही काढली, रेघा आखल्या आणि वाचायला बसली. सलग तीन दुपारी येत होती. माझ्याकडे पाहून म्हणाली, "मॅडम, तुमचं अक्षर किती छान आहे. कॅनडाचं वाचायला किती बरं वाटतं." तिच्या वडिलांनाही तो डबा आवडला होता. जवळजवळ ठरल्यातच जमा होतं. मला, का सांगू, आनंद झाला होता.

तिसऱ्या दुपारी ती वही घेऊन काकांसमोर बसली. मी जांब चिरत होते.

"काका, हा साडेदहाचा डबा मला कळत नाहीये."

"का गं?"

"जर्मनीची अकरा पत्रं आहेत. त्यातले सात जण कधी ना कधी रडलेत, तिघांना भाषा येत नाही म्हणून कोणीतरी बोललंय, एकाची सायकल चोरीला गेलीय. कॅनडाची सोळा आहेत. सोळांत एकही जण आजारी पडलेला नाही. कोणाला थंडी वाजत नाही. आणि सोळाच्या सोळा जण एकसारखं बोलतात." तिने पान उलटलं. "आम्हाला कॉलेजात शिकवलंय, आकडे इतके स्वच्छ आले की आधी आकड्यांवर संशय घ्यायचा."

काकांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे पाहिलं. मी सुरी खाली ठेवली.

"बाई," ते म्हणाले, "तुम्ही खोडलं व्हय?"

"नाही. उतरवलं नाही."

ते उठले आणि आतल्या खोलीत गेले. मला वाटलं रागावले. ते पत्र्याची पेटी ओढत बाहेर आले. तिच्यात मूळ पत्रं होती, सगळी, चहाच्या डागांसकट. "मूळ नोंद टाकत नसतात," एवढंच म्हणाले. त्यांनी माझ्या हातात लाल शाईचं पेन दिलं आणि स्वतः गच्चीवर गेले. साडेआठची वेळ नव्हती. मोजायला तिथे काही नव्हतं.

मी प्रज्ञाला सांगितलं, "तू माझ्या अक्षरावर गेली असतीस तर तुझं नुकसान झालं असतं." ती म्हणाली, "मॅडम, आधी वाचून तरी बघू." रागावायला तिला सवड नव्हती, शुक्रवारी उत्तर कळवायचं होतं.

दोन दिवस आम्ही दोघी बसलो. ती मूळ पत्र वाचायची, मी प्रतीत जागा सापडेल तिथे, समासात, गाळलेलं लाल शाईने लिहायची आणि सही करायची. 'नोकरीचे प्रयत्न चालू आहेत' यावर एक आडवी रेघ मारली. खालचं वाचता येतं. वर्गाबरोबर हसणाऱ्या मुलाचं वाक्य तिने वाचलं तेव्हा आम्ही दोघी खूप हसलो, आणि मग तिने ते पुन्हा एकदा वाचलं. तुमच्या बाबाचं पत्र वर आलं तेव्हा मी ते तिच्या हातातून घेतलं. म्हटलं, हे माझं मी बघते. काका दारात उभे होते. त्यांनी ते पाहिलं.

शेवटी प्रज्ञाने वही मिटली. "आता दोन्हीकडे सारखंच रडतात," ती म्हणाली. "म्हणजे रडण्यावरून ठरवायला नको. मला ती जर्मन भाषा शिकून बघायचीय. बोलता येत नाही म्हणून त्या तिघांना लोक बोलले, पण वर्षभराने तिघंही पावाच्या दुकानात भांडू शकत होते. ते मला आवडलं."

वडिलांनी काकांकडे पाहिलं. काका म्हणाले, "माझ्याकडं बघू नका. नोंद तिनं वाचली."

तिचा मंगळवार बरोबर एका वर्षाने आला, ईमेलने. तोवर काकांना दिसेनासं झालं होतं, म्हणून मी वाचून दाखवला. तिने सुरुवातीलाच लिहिलं होतं, 'मॅडम, हे तुम्ही वाचत असाल तर काही सोडू नका.' मी काही सोडलं नाही. खिडकी आतल्या बाजूला उघडते आणि वरच्या बाजूनेही कलते, हे ऐकून काकांनी मला ते वाक्य दोनदा वाचायला लावलं, आणि हाताने हवेत खिडकी कलवून पाहिली. पुढे तिने लिहिलं होतं, 'आज दिवसभरात माझ्याशी एकच माणूस बोलला, तोही तिकीट तपासायला आलेला. मी त्याला जर्मनमध्ये उत्तर दिलं. तो धन्यवाद म्हणाला. मी घरी येईपर्यंत तो धन्यवाद पुन्हा पुन्हा म्हणत होते.'

"पक्की नोंद," काका म्हणाले.

मागच्या हिवाळ्यात ते गेले. पर्जन्यमापक मी हलवलेलं नाही. सकाळी साडेआठला मी वर जाते. पाऊस नसतो तेव्हा शून्य लिहिते. कडुलिंबाची सावली गच्चीवर चार वाजून दहा मिनिटांनी येते, हिवाळ्यात त्याआधी.

डबे आता माझ्याकडे आहेत. थोरलीने फोनवर विचारल्यावर मी साडेदहाचा डबा उघडला, बऱ्याच दिवसांनी. तुमच्या बाबाच्या पत्राची प्रत तळाशी होती, काळ्या शाईतली, माझ्या उत्तम अक्षरातली, एकही लाल खूण नसलेली. तिच्या कोपऱ्यात काकांनी पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं: 'मूळ प्रतीशी ताळा बाकी.' अक्षर वाकडंतिकडं होतं. डोळे जाता जाता केव्हातरी लिहिलेलं.

ते पत्र मी पहिल्यांदा वाचलं त्या रविवारी बाबाचा फोन आला होता. मी विचारलं, कसं चाललंय. तो म्हणाला, मस्त. मीही म्हटलं, इथेही मस्त. आम्ही दोघं अशीच पंधरा-सोळा वर्षं बोलतो आहोत, आणि तुम्ही मागे खेळता आहात.

तर थोरले, जपान की नेदरलँड्स हे मी सांगणार नाही. खिडकी कशी उघडते आणि पाच वाजता तुला चहाचं कोण विचारणार, ते शोध. आणि कुठेही गेलीस तरी वर्षाने मला एक मंगळवार लिहून पाठव. मी त्यातलं काही गाळणार नाही. लाल पेन माझ्याकडे आहे.

खाली तुमच्या बाबाची ती वाक्यं लिहिते आहे, मूळ पत्राशी ताडून, शेजारी माझी सही करून. तो वाचताना इथे थांबेल, किंवा झालं म्हणून कागद घडी करायला लागेल. त्याला करू देऊ नका. वाक्यं तीन आहेत. धाकट्याने बोटावर मोजावीत.

'मंगळवारी संध्याकाळी दुकानात एक बाई आपल्या मुलाला मराठीत रागवत होती. मला काही घ्यायचं नव्हतं, तरी मी त्यांच्या मागेमागे तीन रांगा फिरलो. काका, हे आईला कळू देऊ नका.'